लहान मुलांमधील ऑटिझम : पहिल्या शंकेपासून निदानाच्या अहवालापर्यंत

आपले मूल इतर मुलांसारखे बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही, अशी शंका बहुतेक घरांत सर्वांत आधी आईला येते. त्यानंतर महिनोन्‌महिने ती शंका घरातच फिरत राहते, कारण कोणाकडे जायचे, काय सांगायचे आणि कोणती तपासणी करायची हे कोणीच नीट सांगत नाही. मी या सगळ्यातून गेलेला एक पालक आहे, डॉक्टर नव्हे. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आहे की नाही हे ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. मात्र त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणे आणि त्यांना योग्य माहिती देणे हे काम पालकांचे आहे, आणि हा लेख त्यापुरता आहे. एक गोष्ट आधीच सांगतो : ‘अजून सहा महिने वाट पाहू’ या सल्ल्यात मुलाचा कोणताही फायदा नाही. शंका खोटी ठरली तर एक-दोन फेऱ्या वाया जातील. खरी ठरली तर ते सहा महिने परत मिळणार नाहीत.

१. वयाचे टप्पे तपासा

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू होत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे खास याच कारणासाठी वेळ घ्या. लसीकरणाच्या गर्दीत, दारातून बाहेर पडताना हा विषय काढू नका.

– बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडणे नाही. टाटा करणे, हात पुढे करणे, बोट दाखवणे अशा खुणाही नाहीत.
– सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
– चोवीस महिन्यांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा ये’ अशी स्वतः जुळवलेली दोन शब्दांची जोडी नाही. ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवणे यात धरू नये.
– येत असलेले शब्द, नजर किंवा खेळ कोणत्याही वयात नाहीसे झाले.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर समजा. काही मुले साधारण दीड वर्षापर्यंत ठरावीक शब्द बोलतात, टाळ्या वाजवतात आणि नंतर हळूहळू ते सोडून देतात. अशा वेळी घरात ‘नजर लागली’, ‘पडला तेव्हापासून असे झाले’ अशी कारणे शोधली जातात. कारण काहीही असो, मिळवलेले कौशल्य गेले असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

२. केवळ बोलण्याकडे नव्हे, देवाणघेवाणीकडे पाहा

मूल उशिरा बोलते म्हणून पालक दवाखान्यात जातात, पण उशिरा बोलणे म्हणजे ऑटिझम नव्हे आणि बोलता येते म्हणजे ऑटिझम नाही असेही नव्हे. काही मुलांना अडीच वर्षांचे असताना इंग्रजी मुळाक्षरे, आकडे आणि टीव्हीवरच्या जाहिराती तोंडपाठ असतात. घरचे कौतुक करतात. आणि त्याच मुलाला तहान लागल्यावर पाणी मागता येत नाही. म्हणून मूल किती शब्द बोलते यापेक्षा ते कोणाशी, कशासाठी बोलते हे पाहावे.

यातली सर्वांत बोलकी खूण बोट दाखवण्याची आहे. मूल दोन कारणांसाठी बोट दाखवते. एक, वस्तू हवी म्हणून : फडताळावरचा बिस्किटाचा डबा. दुसरे, आपल्याला दिसलेली गंमत दुसऱ्यालाही दिसावी म्हणून : खिडकीबाहेरचा कावळा, आकाशातले विमान. दुसऱ्या प्रकारात मूल आधी विमानाकडे पाहते, मग वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि पुन्हा विमानाकडे पाहते. ही तीन टप्प्यांची नजर साधारण दीड वर्षाच्या मुलात सहज दिसते. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांत ती दिसत नाही किंवा फार क्वचित दिसते. त्याऐवजी मूल आपला हात मनगटाला धरून डब्यापर्यंत नेते आणि चेहऱ्याकडे न पाहता त्या हाताकडून काम करून घेते. आपण काऊ-चिऊ दाखवत भरवताना, ‘तो बघ काऊ’ म्हटल्यावर मूल आपल्या बोटाच्या दिशेने पाहते की बोटाकडेच पाहत राहते, हेही याच वेळी ध्यानात घ्यावे.

याशिवाय पाहण्याच्या गोष्टी : मागून नावाने हाक मारल्यावर वळते का; आपण हसल्यावर हसते का; खोटा-खोटा चहा पाजणे, बाहुलीला जोजवणे असे खेळ करते का; इतर मुलांकडे कुतूहलाने पाहते का. दुसरा गट वागण्यातील पुनरावृत्तीचा आहे : गाड्या चालवण्याऐवजी त्यांची रांग लावणे किंवा चाक डोळ्यांजवळ धरून फिरवत राहणे, पंख्याकडे टक लावून पाहणे, हात फडफडवणे, चवड्यांवर चालणे, नेहमीचा रस्ता बदलला तर आकांत करणे. तिसरी बाब संवेदनांची : मिक्सर किंवा कुकरच्या शिट्टीने कान घट्ट झाकणे, केस-नखे कापू न देणे, ठरावीक स्पर्शाचे दोन-तीनच पदार्थ खाणे, किंवा उलट, जोरात आपटूनही न रडणे.

यातील एखादी गोष्ट कोणत्याही मुलात असू शकते. चालायला शिकणारी मुले चवड्यांवर चालतात, आणि गाड्यांची रांगही पुष्कळ मुले लावतात. देवाणघेवाणीतील उणीव आणि पुनरावृत्ती या दोन्ही बाजू एकत्र, वेगवेगळ्या ठिकाणी आणि सातत्याने दिसतात तेव्हा त्यांना अर्थ येतो. मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहावे. त्यांच्यात निदान कमी होते, आणि त्याचे एक कारण असे की शांत, आपल्यातच रमणाऱ्या मुलीला ‘लाजाळू’, ‘गुणी’ म्हणून सोडून दिले जाते.

३. वही आणि व्हिडिओ

नव्या खोलीत, अनोळखी माणसासमोर मूल घरच्यासारखे वागत नाही. डॉक्टरांना वीस मिनिटांत जे दिसणार नाही ते तुम्ही दाखवायचे आहे. दोन आठवडे एक वही ठेवा आणि त्यात मत न लिहिता प्रसंग लिहा. ‘हट्टी आहे, लक्ष देत नाही’ या नोंदीवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘संध्याकाळी खेळताना मागून पाच वेळा नावाने हाक मारली, एकदाही वळला नाही, स्वयंपाकघरात चिप्सचे पाकीट फोडल्याबरोबर धावत आला’ या नोंदीवरून पुष्कळ काही कळते.

मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ घ्या : एकटे खेळताना, आई किंवा बाबांबरोबर खेळताना, हाक मारल्यावर, जेवताना, इतर मुलांमध्ये असताना, आणि काळजी वाटणारी हालचाल चालू असताना. मुलाचा चेहरा दिसला पाहिजे. जुने वाढदिवसाचे व्हिडिओ असतील तर तेही सोबत ठेवा. कौशल्य गेले आहे का, हे त्यांवरून कळते.

४. प्रश्नावली भरा, पण तिला निदान समजू नका

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही वीस प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती विनामूल्य आहे. दोनपर्यंत गुण म्हणजे जोखीम कमी. तीन ते सात असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने पुढचे प्रश्न विचारून खात्री करायची असते. आठ किंवा त्याहून जास्त असल्यास थेट मूल्यमापनाकडे जायचे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरा आणि चोवीस महिन्यांना प्रत्येक मुलाची अशी चाळणी करावी असे सांगते. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ ती स्वतःहून करतीलच असे नाही, तुम्ही मागावी.

उत्तरे देताना ‘कधीतरी करतो’ याला ‘हो’ म्हणू नका. प्रश्न नेहमीच्या वागण्याबद्दल असतात, आणि प्रेमापोटी पालकांचा हात ‘हो’कडे झुकतो. गुण कमी आले तरी मनातली शंका जात नसेल तर पुढे जावे. गुण जास्त आले तर लगेच खचूनही जाऊ नये, कारण या चाळणीत अडकलेल्या काही मुलांना ऑटिझम नसतो, फक्त भाषेचा किंवा एकूण विकासाचा विलंब असतो. मदत मात्र त्यांनाही लागतेच.

५. कान तपासून घ्या

‘चिप्सचा आवाज ऐकू येतो, म्हणजे कान चांगले आहेत’ हा निष्कर्ष बरोबर नाही. काही स्वर ऐकू येतात आणि बोलण्यातले काही स्वर ऐकू येत नाहीत, असे अंशतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांत घडते. म्हणून जन्माच्या वेळची तपासणी ठीक असली तरी ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) आणि गरजेनुसार बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी) या चाचण्या पुन्हा करून घ्याव्यात. ओएई काही मिनिटांत होते. बेराच्या वेळी मूल झोपलेले असावे लागते, त्यामुळे त्या दिवशी मुलाला लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. तरीही झोप न लागल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे वाचा आणि श्रवणाच्या तपासणीचे सरकारी केंद्र आहे.

मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) किंवा जनुकीय तपासणी प्रत्येक मुलाला लागत नाही. आकडी येणे, डोक्याचा आकार वेगळा असणे, कौशल्ये नाहीशी होणे, चेहऱ्याची किंवा त्वचेची काही विशेष लक्षणे दिसणे अशा कारणांसाठी डॉक्टर त्या सांगतात. कोणी पहिल्याच भेटीत महागड्या तपासण्यांची यादी हातात दिली तर ‘यातून कोणता प्रश्न सुटणार आहे?’ असे नम्रपणे विचारावे. ऑटिझम दाखवणारी रक्ताची किंवा स्कॅनची चाचणी अस्तित्वात नाही. निदान वागण्याच्या निरीक्षणावर आणि पालकांनी सांगितलेल्या इतिहासावरच होते.

६. योग्य तज्ज्ञ निवडा

निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ करतात, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेऊन त्यांना साथ देतात. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा बालवाडीच्या बाई शंका अचूक ओळखू शकतात आणि त्यांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे, पण केवळ त्यांच्या शब्दावर निदान पक्के मानू नये.

मोठ्या शहरात नसाल किंवा खर्च परवडत नसेल तर सरकारी वाट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ही सेवा मोफत आहे. पथकाची वाट पाहत बसण्यापेक्षा अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना गाठून पुढची तारीख विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन हे केंद्र कोठे आहे ते विचारा.

खासगी तज्ज्ञांकडे प्रतीक्षा लांब असते. दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवून ठेवावे आणि रद्द झालेली वेळ मिळाली तर येऊ, असे सांगून ठेवावे. परदेशातील मराठी पालकांनी तेथील व्यवस्थेकडे लगेच नाव नोंदवावे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलासाठी आपल्या राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन कार्यक्रमाकडे पालकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट अर्ज करता येतो.

७. सोबत नेण्याच्या गोष्टी

– जन्माचे कागद : प्रसूतीचा डिस्चार्ज समरी, जन्मवजन, काचेच्या पेटीत ठेवले असल्यास त्याची नोंद.
– लसीकरणाचे कार्ड आणि वजन-उंचीच्या नोंदी.
– श्रवणचाचणीचे अहवाल आणि आधीच्या सर्व तपासण्या.
– कुटुंबातील उशिरा बोलणे, आकडी, ऑटिझम, मतिमंदत्व यांची माहिती. येथे काहीही झाकून ठेवू नका.
– भरलेली प्रश्नावली, वही, व्हिडिओ, आणि पाळणाघर किंवा बालवाडीतून आलेले लेखी निरीक्षण.
– मुलाचे आवडते खेळणे, खाऊ, पाणी आणि कपड्यांचा जादा जोड.

मुलाची झोपेची वेळ टाळून भेट घ्या. मुलाला दिवसभर सांभाळणारी व्यक्ती, मग ती आजी असली तरी, सोबत हवी, कारण बारीकसारीक प्रश्नांची उत्तरे तिच्याकडेच असतात.

८. मूल्यमापनाच्या दिवशी काय होते

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळे नुसते खेळणे वाटते. तज्ज्ञ साबणाचे फुगे उडवतात आणि मध्येच थांबतात. मूल ‘पुन्हा कर’ हे नजरेने, हाताने किंवा आवाजाने सांगते का, ते पाहतात. घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत खाऊ ठेवून मुलाच्या हातात देतात. मूल बरणी आपटते, सोडून देते की झाकणाकडून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून मदत मागते, ते पाहतात. बाहुलीचा खोटा वाढदिवस करतात. मागून नाव घेऊन हाक मारतात. यांतील प्रत्येक कृतीमागे एक ठरलेला प्रश्न असतो. अशा वेळी ‘अरे, घरी करतोस ना, काकांना दाखव’ असे म्हणून मुलाला सुचवू नका. मुलाने जे केले नाही तेही निरीक्षणात धरायचे असते. घरी ते करत असेल तर नंतर व्हिडिओसह सांगा.

त्यानंतर पालकांची मुलाखत होते. निकष सध्या बहुतेक ठिकाणी २०१३ च्या डीएसएम-५ चे, म्हणजे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेचे, असतात : सामाजिक संवादातील तिन्ही प्रकारच्या अडचणी (देवाणघेवाण, नजर-हावभाव आणि नाती जुळवणे) आणि पुनरावृत्ती, ठरावीकपणा, मर्यादित आवडी व संवेदना या चारांपैकी किमान दोन. साधने म्हणून एडॉस-२ (ठरलेल्या खेळांतून निरीक्षण), कार्स-२ (गुण देण्याची मोजपट्टी), भारतातील मुलांसाठी तयार केलेले आयएनडीटी-एएसडी, आणि आयसा ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी यांपैकी काही वापरतात. एडॉस महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही. ते झाले नाही म्हणून निदान कच्चे राहिले, असे समजू नये. अनुभवी तज्ज्ञाने पुरेसा वेळ देऊन केलेले निरीक्षण महत्त्वाचे. याउलट, दहा मिनिटांत, मुलाशी न खेळता आणि तुम्हाला नीट प्रश्न न विचारता कोणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणाले, तर दुसरे मत अवश्य घ्यावे.

९. अहवाल मागून घ्या आणि वाचा

तोंडी निदानावर समाधान मानू नका. लेखी अहवालात निदान, वापरलेली साधने आणि गुण, मुलाची बलस्थाने, सोबतच्या अडचणी आणि पुढील शिफारशी असाव्यात. झोप, पोटाच्या तक्रारी, आकडी, अतिचंचलता, बौद्धिक विलंब यांबद्दल काही लिहिले नसेल तर विचारा. अहवालातील ‘लेव्हल १, २, ३’ हे आज मुलाला किती आधार लागतो, याचे वर्णन आहे. वयानुसार आणि मिळणाऱ्या मदतीनुसार ते बदलते, म्हणून दोन वर्षांच्या मुलाचे पुढचे आयुष्य त्या आकड्यावरून ठरवू नये.

आजी-आजोबांना अहवाल समजावून सांगायला डॉक्टरांची एक स्वतंत्र भेट मागावी, असे माझे मत आहे. ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ हे वाक्य घरात रोज ऐकून आईवडिलांचे बळ खचते, आणि तेच डॉक्टरांच्या तोंडून वेगळे समजले की घरातली माणसे मदतीला उभी राहतात.

१०. निदानाची वाट न पाहता घरी सुरुवात करा

तारीख तीन महिन्यांनंतरची असली तरी भाषा आणि खेळ यांवरचे काम आजच सुरू करता येते. त्याला निदानाचा शिक्का लागत नाही. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. त्याने गाडी फिरवली तर तुम्हीही तशीच फिरवा, छोटा शब्द जोडा, आणि मग थांबून त्याच्या प्रतिसादाची वाट पाहा. गोव्यातील संगत संस्था आणि रावळपिंडी येथे मिळून झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना अशाच रीतीने मुलाच्या खुणांना प्रतिसाद द्यायला शिकवले; पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले.

मोबाईल आणि टीव्ही बंद करणे चांगलेच, पण ‘स्क्रीनमुळे झालेला खोटा ऑटिझम’ समजून केवळ तेवढ्यावर थांबू नका. तसेच ‘घरात एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला’ हा सल्ला मनावर घेऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. आई ज्या भाषेत सहज लाड करते, ती भाषा मुलाला हवी.

११. येथे फसू नका

वेखंड किंवा अक्कलकाढा जिभेवर उगाळून लावण्याने वाचा फुटेल, हा समज अजून घरोघर आहे. अडचण जिभेत नसतेच. गोवर-गालगुंड-रुबेला लशीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, पुढच्या लसी चुकवू नका. स्टेम सेल उपचार ऑटिझमसाठी देऊ नयेत, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही लाखो रुपये घेऊन ते विकले जातात आणि दागिने मोडून पालक पैसे भरतात, हे पाहून फार वाईट वाटते. ‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्या कोणाकडेही दुसऱ्यांदा जाऊ नका.

थेरपी केंद्र निवडताना विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. पालकांना आत बसून पाहू न देणारे, किंवा मूल रडत असताना त्याला धरून बसवणारे केंद्र सोडून द्या.

१२. प्रमाणपत्र आणि सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि निदानाचे अहवाल लागतात. नंतर ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते, आणि आयसाच्या गुणांवरून टक्केवारी ठरते. लहान मुलांना सहसा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देतात. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मूळ अहवाल कोठेही जमा करू नका, प्रत द्या.

चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व नोंदले गेल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत पालकांना कलम ८०-डीडीखाली ७५,००० रुपयांची, तर ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. नावनोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थांमार्फत करता येते. प्रमाणपत्र काढल्याने मुलाच्या नावावर कायमचा डाग लागेल, या भीतीने अनेकजण हे पुढे ढकलतात. ते कोणाला दाखवायचे हे तुमच्या हातात असते, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाही. त्यामुळे अहवाल हाती आल्यावर महिनाभरात अर्ज भरून टाका आणि पुढील फेरमूल्यांकनाची वेळ त्याच भेटीत डॉक्टरांकडून ठरवून घ्या.